पोटखराब : सड्यावरील खाणीविरोधातील कामाच्या नोंदी

14 डिसेंबर 2024

गुरे घेऊन सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, गेलेल्या दोन मुलांनी कातळावर तांबड्या रंगाचे आकडे आणि चुन्याच्या रेषा पाहिल्याचे काल संध्याकाळी सांगितले, म्हणून आज सकाळी पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी आणि मी असे तिघे वर जाऊन आलो. मुलांनी सांगितले ते खरे आहे. सड्याच्या पश्चिम अंगाला एक आणि वहाळाच्या (ओढ्याच्या) उगमाजवळ दुसरा असे दोन चौकोन आखलेले असून प्रत्येकाच्या कोपऱ्यावर क्रमांक घातलेले आहेत. परतताना ग्रामपंचायतीत गेलो, तेव्हा सरपंचताईंनी दप्तरातून एक पत्र काढून दाखवले. दोन वेगवेगळ्या अर्जदारांनी जांभा दगडाच्या खाणपट्ट्यासाठी अर्ज केले असून क्षेत्र अनुक्रमे 4.90 हेक्टर आणि 4.60 हेक्टर आहे, आणि दोघांनाही ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा आहे. पत्र येऊन अकरा दिवस झाले होते. ताईंनी ते दडवले नव्हते, पण मासिक सभेपर्यंत थांबू असे सदस्यांचे म्हणणे पडल्याने ते बाहेरही आले नव्हते.

संध्याकाळी देवळात वीस-बावीस माणसे जमली. खाण नको यावर कोणाचे दुमत नव्हते, परंतु का नको हे सांगताना प्रत्येकाने वेगळे कारण दिले, आणि त्यातील एकही कारण कागदावर सिद्ध करता येईल असे आज तरी आमच्या हाती नाही. सात जणांची समिती नेमली. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो आहे आणि कागदाची भाषा मला कळते असा गावाचा समज आहे.

19 डिसेंबर 2024

दोन्ही सर्व्हे नंबरांचे सातबारा उतारे, फेरफार आणि गावनकाशाची प्रत मिळवली. उताऱ्यावर दोन्हीकडे थोडे वरकस (हलक्या पिकाचे) क्षेत्र सोडल्यास बाकी सर्व ‘पोटखराब, वर्ग अ’ आहे, म्हणजे मोजणीच्या वेळी लागवडीस अयोग्य ठरवलेली आणि म्हणून आकारणी नसलेली जमीन. अर्जदारांच्या टिपणात नेमका हाच आधार घेतलेला आहे : जमीन नापीक, पडीक, खडकाळ असून तिच्यावर कोणतेही पीक वा झाडी नाही, सबब उत्खननाने कोणाचे नुकसान संभवत नाही.

हे वाचून मला थोडा वेळ गप्प बसावे लागले. नोकरीच्या एकतीस वर्षांत अशा किती सड्यांपुढे मी स्वतः हा शब्द लिहिला असेल, याची गणती नाही. नांगर चालतो की नाही, एवढाच तेव्हा आमच्यापुढे प्रश्न असे. पाणी कुठे मुरते, गुरे कुठे चरतात, गवताचे भारे कोठून येतात, हे विचारण्यासाठी फॉर्मात रकानाच नव्हता.

मात्र नियमात एक गोष्ट आहे, जी मलाही विसरायला झाली होती. जमीन वापरावरील निर्बंधांच्या 1968च्या नियमांत पोटखराबाचे दोन वर्ग सांगितले आहेत. ‘अ’ हा लागवडीस अयोग्य भाग. ‘ब’ वर्गात सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन, रस्ता वा मान्य पायवाट, दफनभूमी, आणि धारकाखेरीज इतर लोक ज्याचे पाणी पिण्यासाठी, घरवापरासाठी किंवा शेतीसाठी घेतात असा तलाव वा ओहोळ येतो. आमच्या सड्यावरून पलीकडच्या गावाकडे जाणारी वाट आहे, आणि वहाळाचा उगमही आहे. गावनकाशावर वाट तुटक रेषेने दाखवली आहे, पण उताऱ्यावर ‘ब’ वर्गात एक गुंठाही नाही. येथून काम सुरू करता येईल असे वाटते.

3 जानेवारी 2025

माहिती अधिकाराचे दोन अर्ज तयार केले. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयापुरता आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. समितीतील एका उत्साही सदस्याने लिहून आणलेला पहिला मसुदा चार पानी होता, त्यात शिवकालापासून सुरुवात होती. तो कमी करत करत 140 शब्दांवर आणण्यात अख्खी दुपार गेली, पण त्या खटपटीत आपल्याला नेमके काय हवे आहे तेही स्पष्ट झाले : अर्जांच्या प्रती, सोबत जोडलेली संमतीपत्रे, स्थळपाहणीचा अहवाल, आणि पर्यावरण परवानगीसाठी काय सादर केले आहे ते. प्रत्येक अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ते रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि पावत्या वहीत चिकटवल्या.

25 जानेवारी 2025

उद्याच्या ग्रामसभेआधी कायद्याप्रमाणे महिलांची सभा घ्यायची असते. एरवी ती कागदावरच उरकली जाते, असे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. या वेळी सरपंचताईंनी ती खरोखर भरवली आणि मला फक्त लिहून घेण्यासाठी बसवले.

समितीच्या टिपणात आम्ही सड्याच्या पायथ्याच्या तीन झऱ्यांची नावे दिली होती. बायकांनी तासाभरात सात सांगितले. कोणत्या झरीवर भात लावणीच्या वेळी पाणी पितात, कोणती दिवाळीपर्यंत वाहते, कोणती शिमग्यानंतरही धरून असते, कोणत्या झरीचे पाणी बाळंतिणीला चालते, इतका तपशील त्यांच्या बोलण्यात होता. आम्हा पुरुषांच्या यादीत तीनच झरे असण्याचे कारण उघड आहे. नळपाणी योजना येण्यापूर्वीही आम्ही कधी हंडा उचलला नव्हता. नव्वदीच्या घरातील एक आजी म्हणाल्या, “सडो वरसून सुको दिसता, पण तेच्या पोटात पाणी आसा.” मी ते त्यांच्याच शब्दांत टिपून घेतले. पोटखराबाच्या उताऱ्याशेजारी ते वाक्य ठेवावे असा मोह झाला, पण निवेदनात त्याचा उपयोग नाही. तिथे लिटर आणि मिनिटे लागतील.

26 जानेवारी 2025

ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. गावात 612 मतदार आहेत. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, म्हणजे आमच्या बाबतीत 92. हजेरीपटावर 71 सह्या झाल्या. मतदारयादीतील निम्मी माणसे मुंबईत राहतात, हे लंगडे समर्थन झाले. गावात असूनही न आलेल्यांची संख्या मोठी आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पुढच्या सभेत ठराव करता येईल. तरीही तीस-चाळीस माणसांत केलेला ठराव आणि दीडशे माणसांत केलेला ठराव यांचे वजन वाचणाऱ्याच्या मनात सारखे नसते, म्हणून घरोघरी जायचे ठरले आहे.

2 फेब्रुवारी 2025, मुंबई

गावाच्या मुंबई मंडळाची बैठक परळला एका शाळेच्या वर्गात झाली. साठेक चाकरमानी आले होते. आपुलकीचा तोटा नव्हता. कोणी वकील सुचवला, कोणी मंत्रालयात ओळख असल्याचे सांगितले, दोघांनी नाणारचा दाखला दिला की तिथल्या रिफायनरीच्या भूसंपादनाची अधिसूचना 2019 साली मागे घ्यावी लागली होती. त्यावर एका तरुणाने विचारले, की मग 2023च्या एप्रिलमध्ये बारसूला रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी जे झाले ते कोण सांगणार. पोलीस, अश्रुधूर आणि बायकांची धरपकड दूरदर्शन वाहिन्यांवर सर्वांनीच पाहिली होती. थोडा वेळ कोणी बोलले नाही. आपला प्रश्न त्या मानाने लहान आहे, दोन चिरेखाणींचा, म्हणजे जांभ्याचे बांधकामाचे चिरे काढणाऱ्या खाणींचा आहे, म्हणून तो कागदावरच सुटण्याची शक्यता जास्त आहे, असे मी म्हणालो.

बैठक संपल्यावर जिन्यात एकाने बाजूला घेऊन सांगितले, की पश्चिमेकडच्या सर्व्हे नंबरात आमच्याच घराण्याचा हिस्सा आहे आणि माझ्या सख्ख्या चुलतभावाने संमतीपत्र दिले आहे. कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-तीस हिस्सेदार असतात आणि त्यांतील निम्म्यांनी जमीन पाहिलेलीही नसते, हे मी लोकांना नेहमी सांगत आलो आहे. उताऱ्यावर आमचे नाव आजोबांच्या नावाखाली ‘व इतर’मध्ये गेले असल्याने ते माझ्या नजरेतून सुटले. समितीला हे मीच प्रथम सांगणे योग्य, म्हणून रात्रीच फोन करून सर्वांना कळवले आणि कोणाची इच्छा असल्यास चिटणीसपद सोडण्याची तयारी दाखवली. ती कोणी मान्य केली नाही.

9 फेब्रुवारी 2025

तहकूब ग्रामसभा झाली. हजेरी 163.

ठराव मांडण्यापूर्वी वाद झाला, आणि तो झाला हे बरेच झाले. गावातील चार मुलांनी कर्ज काढून डंपर घेतले आहेत. त्यांच्यातील एकाने उभे राहून विचारले, की तुम्ही सगळे ज्या घरांत राहता ती कशाची बांधलेली आहेत. प्रश्न रास्त होता. आम्ही ज्या शाळेच्या पटांगणात बसलो होतो तिच्या भिंतीही चिऱ्याच्याच आहेत. जुन्या काळी घरापुरता चिरा हाताने तासून काढत आणि खड्डा दहा-बारा हातांचा असे, आताचे यंत्र त्याच सड्यावर काही महिन्यांत एकर-एकर खाली उतरते, असे उत्तर गुरुजींनी दिले. ते बरोबर असले तरी त्या मुलाच्या हप्त्याचे उत्तर त्यात नव्हते. अखेरीस ठरावातून ‘कोणत्याही खाणीस’ हे शब्द वगळून ‘सड्यावरील पाणलोट क्षेत्रातील प्रस्तावित दोन्ही खाणपट्ट्यांस’ असे शब्द घातले. ठराव 141 विरुद्ध 9 असा संमत झाला, 13 जण तटस्थ राहिले. विरोधातील नऊ मतेही इतिवृत्तात लिहावीत असा माझा आग्रह होता. एकमताने ठराव झाल्याचे लिहिणे मोठेपणाचे वाटते, पण नऊपैकी एकाने जरी उद्या प्रतिज्ञापत्र केले तर सारे इतिवृत्तच संशयास्पद ठरते.

ग्रामसभेने नाही म्हटले की खाण होतच नाही, असा समज गावात पसरलेला आहे. ओडिशात नियमगिरीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ग्रामसभांवर निर्णय सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली, हे खरे. पण तो अनुसूचित क्षेत्राचा आणि वनहक्क कायद्याचा विषय होता. आमचे गाव त्यात बसत नाही. आमचा ठराव हा पुरावा आहे, नकाराधिकार नव्हे. हे सभेत सांगितल्यावर काही चेहरे उतरले.

21 फेब्रुवारी 2025

माहिती अधिकाराच्या उत्तराची मुदत उलटून गेल्यावर प्रथम अपील केले होते. त्यावर सुनावणी होण्याआधीच 64 पानांचा गठ्ठा आला. महत्त्वाचे मुद्दे लगेच नोंदवतो.

दोन्ही अर्ज स्वतंत्र असले तरी सल्लागार एकच आहे, टंकलेखनाच्या चुकाही त्याच आहेत. प्रत्येकाचे क्षेत्र 5 हेक्टरांच्या आत असल्याने जनसुनावणीची गरज नाही, असे दोन्हीकडे म्हटले आहे. येथेच खरी गोम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012च्या दीपक कुमार निकालापासून गौण खनिजाच्या (दगड, वाळू अशा) लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी घ्यावी लागते, कारण मोठी खाण तुकडे पाडून मंजूर करून घेण्याचा मार्ग न्यायालयाला बंद करायचा होता. त्यानंतर केंद्राच्या 15 जानेवारी 2016च्या अधिसूचनेत समूहाची व्याख्या आली : एकाच प्रकारच्या खनिजाच्या क्षेत्रात एका पट्ट्याच्या सीमेपासून दुसऱ्याची सीमा 500 मीटरांपेक्षा कमी अंतरावर असेल, तर ते पट्टे एक समूह धरायचे. समूहाचे एकूण क्षेत्र 5 हेक्टरांवर गेले की पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल आणि जनसुनावणी दोन्ही आवश्यक होतात. आमच्याकडे 4.90 आणि 4.60 मिळून 9.50 हेक्टर होतात.

अर्जांत दोन्ही पट्ट्यांमधील अंतर कोठेही दिलेले नाही.

23 फेब्रुवारी 2025

सकाळी जुनी साखळी, टेप आणि गुरुजींच्या मुलाचा मोबाइल घेऊन अंतर मोजले. दोन जवळच्या कोपऱ्यांतील अंतर 283 मीटर आले. मोबाइलवरील अंतर त्याहून चार मीटरने कमी होते. साखळीचे माप निवेदनात घेतले. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी साखळी हातात धरली, आणि खरे सांगायचे तर बरे वाटले.

6 मार्च 2025

पर्यावरण परवानगी देणाऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि खनिकर्म शाखेला हरकतपत्र पाठवले. एकूण सहा पाने, सोबत ग्रामसभेचा ठराव, अंतराचा नकाशा, गावनकाशावरील वाटेची प्रत आणि झऱ्यांची यादी. मागणी एकच ठेवली : दोन्ही प्रस्ताव समूह म्हणून एकत्र विचारात घ्यावेत.

मसुद्यावर समितीत बराच खल झाला. सड्यावरच्या एका धोंड्यावर खाचा आहेत, ते कातळशिल्प असल्याचे लिहावे, असे दोघांचे म्हणणे होते. कोकणातील कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि त्यात आमच्याच जिल्ह्यातील कुडोपीही आहे, हे ठाऊक असल्याने मोह पडणे स्वाभाविक होते. मी तो धोंडा पाहिला आहे. त्या खाचा पहारीच्या आहेत, कोणीतरी कधीकाळी चिरा काढण्याचा प्रयत्न करून सोडून दिलेला दिसतो. जाणकाराला दाखवल्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाही, असे ठरले. सहा पानांतील एक गोष्ट खोटी निघाली तर उरलेल्या साडेपाच पानांचे काय होते, ते मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राचा उल्लेखही गाळला. 31 जुलै 2024च्या सहाव्या मसुद्यात अशा क्षेत्रात खाणींवर पूर्ण बंदी प्रस्तावित आहे, पण आमचे गाव त्या यादीत नाही आणि सड्यांचा किनारपट्टीकडील बराच भाग तिच्याबाहेरच राहिला आहे.

14 मार्च 2025

शिमगा. काम बंद. पालखी या वर्षी सड्याच्या वाटेने नेण्याचे मानकऱ्यांनी ठरवले. जुने लोक सांगतात की पूर्वी ती त्याच वाटेने जात असे. गाऱ्हाण्यात गावकरांनी खाणीचा विषय घातला. वाटेचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवले.

12 एप्रिल 2025

सातही झऱ्यांचे पहिले मोजमाप झाले. पद्धत साधी आहे. झरीच्या तोंडाशी पन्हळ बसवून 10 लिटरची बादली भरायला लागणारा वेळ तीनदा मोजायचा आणि सरासरी लिहायची. शाळेतील सातवीच्या मुलांनी घड्याळ धरले. चार झरे आज वाहते आहेत, तीन आटले आहेत. बायकांनी जानेवारीत सांगितलेला क्रम जसाच्या तसा निघाला. थोरल्या झरीला बादलीमागे 28 सेकंद लागले.

संध्याकाळी डंपरवाल्यांपैकी दोघे घरी आले. खाणीचा खड्डा पावसात भरतो, गावाला आयते तळे मिळते, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. मी त्यांना कागदावर काढून दाखवले. वरचा जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी त्यातून उतरते. त्याच्या खाली मऊ चिकण थर असतो, त्याच्यावर ते अडते आणि कडेकडेने सरकत पायथ्याशी झरीतून बाहेर येते. चिरा म्हणून जो थर विकायचा आहे तोच पाणी धरणारा थर आहे. तो काढला की पाणी उघड्या खड्ड्यात उन्हाला राहते आणि झरीकडे जाण्याची त्याची वाट तुटते. एकाने कळणे गावचा विषय काढला. 2021च्या जुलैत तिथल्या खाणीचा बांध फुटून चिखल घरांत आणि बागांत शिरला, तेव्हा तो मदतीला गेला होता. ती लोहखनिजाची मोठी खाण आणि ही चिऱ्याची, दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत, असे मीच म्हणालो. जाताना त्याने विचारले, की हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो, त्याचे काय. समितीपुढे हा प्रश्न मांडला आहे. उत्तर मिळालेले नाही.

18 मे 2025

थोरली झर : बादलीमागे 40 सेकंद. म्हणजे मिनिटाला 15 लिटर, दिवसाला 21,600 लिटर. जलजीवन मिशनचे माप माणशी दिवसाला 55 लिटरचे आहे; त्या हिशेबाने एकट्या या झरीवर 392 माणसांची गरज भागते. खालच्या दोन वाड्यांची लोकसंख्या सुमारे साडेतीनशे आहे आणि त्यांची नळपाणी योजना याच झरीवर चालते. योजनेच्या कागदात पाण्याचा उद्भव म्हणून हिचेच नाव आहे, ही गोष्ट गुरुजींनी हुडकून काढली. एकाच जागेला एका खात्याने पाण्याचा उद्भव म्हटले आहे आणि दुसऱ्याने पोटखराब.

गुरुजींनी आणखी एक हिशेब केला. जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, 9.50 हेक्टरांवर 3,000 मिलिमीटर धरले तर 28 कोटी 50 लाख लिटर होतात. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यातले बरेचसे पाणी वाहून जाते आणि किती मुरते हे आम्ही मोजलेले नाही. त्यामुळे हा आकडा फलकावर लिहू नये, अशी मी विनंती केली. फलक आधीच रंगवून झाला होता.

25 मे 2025

31 मे रोजी उन्हाळ्यातले शेवटचे मोजमाप घ्यायचे होते. 20 तारखेच्या सुमारास सुरू झालेला पाऊस थांबलाच नाही, आणि आज मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. एरवी आपण जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याची वाट पाहत असतो. परिणामी 18 मेचा आकडा हाच आमच्या हातातील सर्वांत कमी आकडा राहिला. नेहमीच्या वर्षी झर याहून किती खाली जाते ते आता पुढच्या वर्षीच कळेल, आणि नोंदवहीत तसे स्पष्ट लिहिले आहे.

28 जून 2025

सड्यावर दिवसभर होतो. डिसेंबरात जिथे तांबडे आकडे पाहिले तिथे आज घोट्याएवढे पाणी आहे. आकडे पुसट झाले आहेत. कातळातील खळग्यांत गेंदाची रोपे आली आहेत, अजून फुलायची आहेत; दीपकाडीची पांढरी फुले मात्र भरात होती. ही कोकणातील कातळांची खास वनस्पती आहे, एरवी कंदरूपाने दगडाच्या फटीत दडून राहते. जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीने करायची लोकजैवविविधता नोंदवही आमच्याकडे आहे. तिच्यात सड्याबद्दल एकच ओळ आहे : ‘कातळ, वनस्पती नाहीत.’ ती पाहणी एप्रिलमध्ये झाली होती.

अहवालाच्या बाबतीतही हीच अडचण येणार आहे. प्रस्ताव समूह म्हणून गेला तरी मूल्यांकनासाठी हवा, पाणी, जीवसृष्टी यांची माहिती प्रथेप्रमाणे एका हंगामाची गोळा करतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून इतर असतो. सड्यासाठी ही अट म्हणजे दुकान बंद असताना गिऱ्हाईक मोजण्यासारखे आहे. म्हणून पावसाळ्याची माहिती आम्हीच गोळा करून ठेवायची : दर पंधरवड्याला झऱ्यांचे मोजमाप, दर महिन्याला ठरलेल्या दहा जागांची तारखेसह छायाचित्रे. जुलैपासून कामाची पाळी लावली आहे. डंपरवाल्या दोघांपैकी एकाने छायाचित्रांचे काम मागून घेतले.

24 जुलै 2025

पत्र आले. दोन्ही पट्ट्यांमधील अंतर 500 मीटरांपेक्षा कमी असल्याचे दिसत असल्याने प्रस्ताव समूह म्हणून नव्याने सादर करावेत, असे अर्जदारांना कळवण्यात आले आहे. गावात कोणीतरी फटाके लावले. फटाके लावू नका म्हणायला मी उशिरा पोहोचलो. प्रस्ताव फेटाळलेला नाही, परत पाठवला आहे. आता अहवाल होईल, मग जनसुनावणी.

जनसुनावणीविषयी समितीला आजच सांगून ठेवले. किमान 30 दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना येते, अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो, अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी अध्यक्ष असतो, चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. गावाने बहिष्कार टाकला आणि मंडपात चारच माणसे बसली, तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. बहिष्काराची भाषा आजच सुरू झाली आहे, म्हणून हे वहीत ठळक लिहून ठेवले.

30 ऑगस्ट 2025

गणपती. चुलतभाऊ मुंबईहून आला आहे. मूळ घरात आमचा गणपती एकच असतो, त्यामुळे टाळणे शक्य नव्हते आणि टाळावे असे मलाही वाटत नव्हते. आरतीनंतर त्याला घेऊन थोरल्या झरीवर गेलो. तो वीस वर्षांत तिथे आला नव्हता. संमतीपत्राचे त्याला मिळालेले पैसे मुलीच्या शिक्षणाला लागले आहेत, ते परत करणे त्याला जमणार नाही, असे त्याने सांगितले. मी काही बोललो नाही. मग त्याने विचारले, की सामाईक जमिनीत सर्व हिस्सेदारांची संमती लागत नाही का. लागायला हवी, आणि एकतीस हिस्सेदारांपैकी अर्जासोबत अकरांचीच संमतीपत्रे आहेत, हे गठ्ठ्यातून मला माहीत आहे. उरलेल्या वीस जणांची हरकत एकत्र द्यायची झाल्यास पत्ते त्याच्याकडे आहेत, असे तो म्हणाला. पत्ते देईन असे तो म्हणाला नाही.

20 सप्टेंबर 2025

वाटेची मोजणी पूर्ण झाली. सड्यावरील लांबी 1,140 मीटर, रुंदी सरासरी सहा हात. त्यांपैकी 210 मीटर पश्चिमेकडच्या पट्ट्यातून जातात. वाट आणि वहाळाचा उगम ‘ब’ वर्गात नोंदवावा म्हणून तहसीलदारांकडे अर्ज दिला असून सोबत पालखीचे छायाचित्र, महिला सभेचे इतिवृत्त आणि पलीकडच्या गावातील पाच वृद्धांचे जबाब जोडले आहेत. अर्जावर दुरुस्ती मागणारा म्हणून माझी सही आहे; ज्या मोजणीची दुरुस्ती मागितली आहे तिच्या टिपणावर तपासणीस म्हणून 1994 सालची सहीही माझीच आहे. कारकुनाने दोन्ही सह्या पाहून वर बघितले, पण काही विचारले नाही.

थोरली झर, आज : बादलीमागे 6 सेकंद. पाऊस थांबून चार दिवस झाले आहेत. पुढील मोजमाप 4 ऑक्टोबरला, पाळी सातवीच्या मुलांची.

पोस्टाने मुंबईहून एक पाकीट आले. आत वहीच्या पानावर सतरा नावे आणि पत्ते आहेत, पाठवणाऱ्याचे नाव नाही. अक्षर ओळखीचे आहे. तीन पत्ते अजून मिळवायचे आहेत.